चेहऱ्याचा रंग

आधार कार्डावरील आपले छायाचित्र पाहून 'हा मीच का?' असा प्रश्न ज्याला पडला नाही, असा वाचक विरळाच. कपाळावर दिव्याचा झोत, डोळे अर्धवट मिटलेले, मान ताठ; एखाद्या गुन्हेगाराची नोंद करावी तशी ती प्रतिमा. शहरातील मनुष्य तिला हसतो आणि कार्ड पाकिटात ठेवून देतो, कारण त्याच्या घरी लग्नाचे, बारशाचे, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे आल्बम कपाटात असतात. आटगावच्या परिसरातील पाड्यांवर मात्र कित्येक वृद्धांचे ते एकुलते एक छायाचित्र. आता मोबाइल घरोघरी आले हे खरे. परंतु तो पावसात भिजला किंवा विकला गेला की त्यातील चेहरेही गेले. मनुष्य वारल्यावर भिंतीवर लावण्यासाठी म्हणून जे उरते ते सरकारदप्तरी काढलेले, बोटाच्या पेराएवढे.

गेली चार वर्षे आम्ही ॲक्रिलिक रंगांत व्यक्तिचित्रे काढावयास शिकत आहोत. पन्नाशी ओलांडल्यावर हा नाद कशासाठी, अशी पृच्छा काही वडीलधाऱ्यांनी केली. 'बरे झाले, आता प्रवचन तरी आटोपशीर होईल,' असा आशावाद एका आजोबांनी व्यक्त केला. तो अद्याप सफल झालेला नाही. परंतु चेहऱ्याकडे पाहण्याची जी रीत या चार वर्षांत आम्हांस थोडीफार कळली, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

आमचे गुरुजी किन्हवलीकडे राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलाशिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुले बसविली. गुरुवारी सकाळी ते मोटारसायकलवरून येतात, पडवीत चहा घेतात आणि मग बोलणे बंद. त्यांची पहिली आज्ञा होती, 'फादर, सहा महिने रंगाला शिवायचे नाही.' ते सहा महिने आम्ही केवळ काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणातून करड्या छटा केल्या. नाकाची एक बाजू प्रकाशात, दुसरी सावलीत. खालच्या ओठाखाली सावलीचा छोटासा तुकडा. डोळ्याचे पांढरे बुबुळाभोवती असले तरी ते प्रत्यक्षात पांढरे नसून वरच्या पापणीच्या सावलीत करडे झालेले असते. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, ही साधी गोष्ट पट्टीने मोजून दाखवल्याखेरीज नवशिक्याला पटत नाही. बहुतेक जण ते वर, कपाळाजवळ नेतात. कारण मनुष्याच्या मनात डोळे, नाक व तोंड यांनाच जागा असते, कपाळ आणि टाळू यांची दखल कोणी घेत नाही. कानाची उंची भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, चेहऱ्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांएवढी, हेही असेच. हे सर्व हिशोब सांगून झाल्यावर गुरुजी म्हणतात, 'आता हे विसरा. समोर बसलेल्याचा हिशोब निराळा असतो.'

समोर बसायचे कोणी, हाही प्रश्नच होता. चित्रकारांच्या घरी ही अडचण नसते. गोमंतकीय चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी आपल्या पत्नीस वारंवार रंगविले. आपल्या काळातील वासुदेव कामत यांना २००६ साली अमेरिकेतील व्यक्तिचित्रकारांच्या संस्थेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तोही पत्नीच्या चित्रासाठीच. आमच्या वाट्यास ते सुख नाही. तेव्हा आमच्यासमोर बसले ते आमचे स्वयंपाकी, रेल्वेफाटकाजवळचे भाजीवाले मामा, आणि शाळेला दांडी मारण्याची ही सोय आहे असे ओळखलेली दोन-तीन मुले.

रंग ॲक्रिलिकच का, हे सांगावयास हवे. तैलचित्राची प्रतिष्ठा मोठी. मुंबईतील सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले, आणि तेथून तयार होऊन निघालेल्या चित्रकारांनी राजेरजवाडे, शेठ व न्यायमूर्ती यांची जी व्यक्तिचित्रे केली ती बहुतांशी तैलरंगांतच. परंतु तैलरंगास टर्पेंटाइन लागते, त्याचा दर्प घरभर राहतो, पातळ थरही सुकावयास कित्येक दिवस घेतो आणि जाड थर महिनोन्‌महिने. ॲक्रिलिक रंग पाण्यात कालवावयाचा. प्लास्टिकच्या जातीच्या राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात व त्यांत रंगद्रव्य मिसळलेले असते; पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटतात आणि एक लवचीक पापुद्रा तयार होतो. मग तो पाण्याने विरघळत नाही. चित्रकारांसाठी पाण्यात कालवावयाचे असे रंग अमेरिकेच्या बाजारात १९५५ च्या सुमारास आले, म्हणजे कलेच्या इतिहासात हे काल-परवाचेच मूल. तरी पंधरा-वीस वर्षांतच डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने आपल्या एका मित्रदांपत्याचे, खिडकीतून मागून येणाऱ्या उजेडातील, जवळजवळ आयुष्याकार असे व्यक्तिचित्र ॲक्रिलिकमध्ये केले. नवऱ्याच्या मांडीवर पांढरे मांजर बसलेले ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. छापील प्रतीवरूनही जाणवते की, हा रंग केवळ भित्तिफलकांचा नव्हे.

या रंगाचा स्वभाव मात्र समजून घ्यावा लागतो. चैत्र-वैशाखात माहुलीच्या डोंगरावरून येणारे वारे आगीसारखे असतात. त्या दिवसांत पॅलेटवर काढलेला रंग चहा पिऊन होईपर्यंत चामड्यासारखा होतो. म्हणून गुरुजींनी जेवणाच्या पसरट डब्यात ओले फडके घातले, त्यावर बटर पेपर अंथरला आणि त्यावर रंग काढावयास शिकविले. खालून ओल मिळत राहते, वर झाकण लावले की रंग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. पावसाळ्यात याच्या उलट; आषाढात हवाच इतकी ओली असते की थर सुकण्याची वाट पाहत रोजचे प्रार्थनापुस्तक उघडावे. आणखी एक खोड अशी की, ओला असताना त्यातील बंधक दुधासारखे पांढुरके असते, सुकल्यावर ते पारदर्शक होते. त्यामुळे गालावर जो रंग लावला तो वाळल्यावर एक छटा गडद दिसतो. नवशिक्यास हा दगाफटका वाटतो. सवयीने हात आधीच किंचित उजळ रंग घेऊ लागतो.

आता मुख्य गोष्ट. सहा महिने संपल्यावर रंगाच्या नळ्या समोर आल्या, त्यांत एक नळी 'फ्लेश टिंट' नावाची होती. फ्लेश म्हणजे देह. आम्ही ती पिळून पाहिली. फिकट गुलाबी. आटगाव ते कसारा आणि शहापूर ते मुरबाड या टापूत त्या वर्णाचा देह आम्हांस आढळलेला नाही. शाळेतील मुलेही खडूंच्या पेटीतून 'स्किन कलर दे' म्हणून मागतात आणि तोच गुलाबी-पिवळट खडू पुढे करतात. स्वतःच्या हाताशेजारी तो धरला तर आपली त्वचा कोणत्याच पेटीत नाही हे त्यांना दिसावे, परंतु तसे कोणी धरत नाही. गुरुजींनी ती नळी उचलून खिशात टाकली. 'आकाशाला लावू संध्याकाळी,' म्हणाले.

मग आपला वर्ण कशाचा? बर्न्ट सिएना म्हणून एक तांबूस तपकिरी रंग आहे, मूळचा भाजलेल्या मातीचा. यलो ऑकर ही पिवळी माती. त्यांत अल्ट्रामरीन निळा. या तिघांवर आणि पांढऱ्यावर आपल्याकडील जवळजवळ सर्व चेहरे निघतात. भाजीवाल्या मामांच्या गालाला ऑकर अधिक लागतो, उन्हात राबणाऱ्याच्या कपाळाला सिएना, नाकाच्या शेंड्याला व कानाच्या पाळीला किंचित क्रिमसन, कारण तेथे रक्त त्वचेच्या जवळ असते. सावलीसाठी नळीतला काळा घ्यावयाचा नाही, हा गुरुजींचा दंडक. सिएनात निळा वाढवीत गेले की जो काळोख तयार होतो त्याच्या आत ऊब राहते, नळीतल्या काळ्याने चेहऱ्याला कोळसा फासल्यासारखे होते. आणि सावळ्या वर्णाची जी खरी संपत्ती ती प्रकाशाच्या ठिकाणी. गोऱ्या कातडीवर उजेड पडला तरी तो फारसा वेगळा उठून दिसत नाही. काळ्यासावळ्या कपाळावर, गालफडावर, तेल लावलेल्या केसांवर आकाशाचा निळसर उजेड स्पष्ट उमटतो. रंगाच्या दृष्टीने तो चेहरा कितीतरी श्रीमंत असतो. पडवीत बसलेल्या आमच्या स्वयंपाक्यांच्या कपाळावर आम्ही प्रथमच निळा रंग पाहिला. रोज तीन वेळा ज्यांच्या हातचे जेवतो, त्यांच्या कपाळावर.

आपल्या ख्रिस्ती घरांना या प्रश्नाचे विशेष कारण आहे. आपल्या ओटीवरील कॅलेंडरात येशूचे केस सोनेरी आणि डोळे निळे. पवित्र मरियेचे गाल त्या गुलाबी नळीतले. तो युरोपातील छापखान्यांचा वारसा, आणि त्या चित्रांपुढे आपल्या आजीपणजींनी अश्रू ढाळले आहेत, म्हणून आम्ही त्यांची थट्टा करणार नाही. परंतु आपल्यातीलच काहींनी दुसरी वाट शोधली, हे आपल्या घरी फारसे सांगितले जात नाही. वर उल्लेखिलेले त्रिंदाद हे १८७० साली गोव्यात सांगे येथे जन्मले, जे. जे. मध्ये शिकले व तेथेच शिक्षक झाले, आणि १९३५ साली वारले. छायाप्रकाशावरील प्रभुत्वामुळे त्यांना 'पूर्वेकडील रेम्ब्रांट' म्हणत. त्यांची कन्या आंजेला त्रिंदाद हीही जे. जे. ची विद्यार्थिनी, तिने ख्रिस्ती विषय भारतीय रूपात रंगविले. पितापुत्रींची चित्रे पणजीतील फोंताइन्यश भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेत पाहावयास मिळतात. आणि आंजेलो द फोन्सेका. त्यांचा जन्म १९०२ चा, गोव्याचाच. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते चित्रकलेकडे वळले व अवनीन्द्रनाथ ठाकुरांचे शिष्य झाले. त्यांची मरिया लुगडे नेसते, तिचा वर्ण गव्हाळ-सावळा, आणि ती जमिनीवर बसते. गोव्यातील अनेकांना हे मानवले नाही. पुढे त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आयुष्य काढले व १९६७ साली त्यांचा अंत झाला. त्यांची बरीच चित्रे आज पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये जपलेली आहेत. फोन्सेकांना केवळ देवमातेचे वस्त्र बदलावयाचे नव्हते, असे आम्हांस वाटते. वस्त्र बदलणे सोपे. त्यांनी तिच्या गालाला आपल्या मातीचा रंग दिला, आणि त्याचाच राग अधिक आला असावा.

मुंबई परंपरेविषयीही एक गोष्ट नोंदवून ठेवू. धनिकाचे व्यक्तिचित्र असले की खाली त्याचे नाव असते, पदवी असते. परंतु विद्यार्थ्यांपुढे तासन्‌तास बसणारे जे गरीब लोक असत, त्यांच्या चित्रांची नावे बहुधा 'म्हातारा', 'फकीर', 'कोळीण' अशी. रंगकामात कधीकधी ती धनिकांच्या चित्रांहून सरस असतात. नाव मात्र नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांस सांगितले होते की लॅटिनमधील 'पर्सोना' या शब्दाचा अर्थ नाटकातील मुखवटा. आपला शब्द त्याहून चांगला आहे. जे व्यक्त होते ती व्यक्ती. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली नटवर्यांची दोन मोठी चित्रे आहेत, एक पुरुषवेषातील, दुसरे स्त्रीभूमिकेतील. नाक तेच, हनुवटी तीच, आणि तरी काय व्यक्त होते ते किती वेगळे! नाव नसलेल्या त्या कोळणीतून काय व्यक्त व्हावयाचे होते, ते तिला कोणी विचारले असेल काय?

आमच्या भागात तर याच्या अगदी उलट टोकाची कला नांदते. वारली चित्रांतील माणसे दोन त्रिकोण आणि वर एक वाटोळे डोके अशी असतात. चेहऱ्यात नाक नाही, डोळे नाहीत. लग्नघरच्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, त्यांत पालघट देवी बसते. भोवती नाचणारे, नांगरणारे, ताडी काढणारे शेकडो लोक असतात, पण कोणाचाही चेहरा ओळखावयाचा नसतो. ही चित्रे जगभर पोहोचविणारे जिव्या सोमा मशे हे डहाणूकडचे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते वारले. आम्ही काही काळ असे समजत होतो की व्यक्तिचित्र हे या कलेच्या पुढचे पाऊल असावे. गुरुजींना ते मान्य नाही. त्यांच्या मते वारल्यांना चेहरा काढण्याची गरजच नव्हती, कारण पाड्यात सगळे सगळ्यांना चालीवरून ओळखत. चेहरा लागतो तो मनुष्य दूर गेला की. या एका वाक्याने आमचा बराच अभिमान उतरला, आणि पुढे जे घडले त्याला तेच वाक्य लागू पडले.

दोन वर्षांपूर्वीची दसऱ्यानंतरची गोष्ट. जवळच्या कातकरी वाडीवरील एक तरुण आईचे आधार कार्ड घेऊन आला. आई पावसाळ्यात वारली होती. कातकरी हे पूर्वी खैरापासून कात काढणारे लोक. शासनाच्या यादीत त्यांची गणना विशेष असुरक्षित जमातींत होते. दिवाळी झाली की त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्याला आईचे चित्र हवे होते, आणि भट्टीवर निघण्यापूर्वी हवे होते. तैलरंग असता तर आम्ही हात जोडले असते. ॲक्रिलिकला तीन आठवडे पुष्कळ. जाताना तो दारात थांबून म्हणाला, 'फादर, आईला थोडी उजळ करा.'

या मागणीला हसू नये. छायाचित्रवाले न सांगता उजळ करतात, मोबाइल तर आपणहून करतो. मान द्यावयाचा म्हणजे गोरे करावयाचे, हे त्याला सगळ्यांनी मिळून शिकविले आहे. आपल्या समाजातील विवाहाच्या जाहिराती वाचून पाहाव्यात.

कार्डावरील चित्रात मात्र उजळ करण्याजोगेही काही उरले नव्हते. डोळ्यांच्या जागी दोन डाग. गुरुजी म्हणाले, 'यावरून नाही होणार. तिच्या रक्ताचे कोणी आहे का?' मृताची धाकटी बहीण होती. ती चार सकाळी आमच्या पडवीत येऊन बसली, आणि तिच्यासोबत निम्मी वाडी. चित्र कसे असावे यावर बायकांत वाद चालत. नाक हिच्यापेक्षा बसके होते. डावी भुवई तुटकी होती. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, की दोन? तीन, पण मधला पुसट. कार्डावर हे काहीच नव्हते. ते सर्व त्या बायकांपाशी होते. मुलाने दुसऱ्या दिवशी पुन्हा उजळ करण्याचे सुचविले, तेव्हा मावशी मान न हलविता म्हणाली, 'उजळ? ती माझ्यापरीस काळी व्हती. गोरी केली तर वळखंल कोन तिला?' तो गप्प झाला. आम्ही बर्न्ट सिएनात निळा आणखी थोडा वाढविला.

गोंदण रंगविताना ॲक्रिलिकचा खरा उपयोग कळला. गोंदण त्वचेच्या वर नसते, आत असते. म्हणून ठिपके आधी हिरवट निळ्याने लावले, दहा मिनिटांत ते सुकले, आणि मग पाण्यासारखा पातळ केलेला सिएनाचा हात त्यांवरून फिरविला. ठिपके कातडीखाली गेले. मधला पुसट राहिला. डोळे शेवटी केले. ते मावशीचे आहेत, असे ती स्वतः म्हणते. मुलगा म्हणतो, आईचेच.

चित्र पाहून त्याने रंगाविषयी काही म्हटले नाही. 'सुकलंय? हात लावू?' एवढेच विचारले, आणि हनुवटीला बोट लावले.

आम्ही हे चित्र चौकटीवर न ताणलेल्या कॅनव्हासवर केले होते. ॲक्रिलिकचा पापुद्रा लवचीक असल्याने असा कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून, वर बटर पेपर घालून, जाड नळीवर गुंडाळता येतो. दिवाळीनंतर ते चित्र पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळून टेम्पोत चढले आणि भट्टीवरील झोपडीत सात महिने राहिले. जूनमध्ये परत आले तेव्हा त्यावर विटांची तांबडी धूळ बसली होती. उष्णतेने हा रंग किंचित मऊ होतो आणि धूळ धरतो. ओल्या कापसाने बरीचशी निघाली, पदराच्या घडीतील थोडी राहिली. ती बर्न्ट सिएनाच्याच जातीची असल्यामुळे खुपत नाही. धूळ पुन्हा बसू नये म्हणून वर व्हार्निशचा हात दिला; त्याला आता एक पावसाळा होऊन गेला, यंदा आणखी एक द्यावयाचा आहे.

दरम्यान मावशीने बजावले आहे की तिचे चित्र ती जिवंत असताना काढावे, आणि खाली नाव लिहावे. भातकापणी उरकून भट्टीवर जाण्याच्या आधीचे आठ-दहा दिवस तिने देऊ केले आहेत. सिएनाची नळी संपत आली आहे; येत्या सोमवारी कसारा लोकल धरून कल्याणला जाणे आले.